प्रौढांचे शिक्षण आणि ग्रामपंचायतीचा वाटा

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या शेतांत जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. कीटकनाशकांची फवारणी करीत असता विषबाधा होऊन त्या एका हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कारणे अनेक सांगण्यात आली. कापूस त्या वर्षी माणसाच्या उंचीएवढा वाढला होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळून मारण्याची चाल पडली होती. नव्या पंपांचा झोत जोराचा होता. हातमोजे व मुखपट्टी वापरण्याची सवय नव्हती. विक्री व नियंत्रण यांतील दोषांचीही चर्चा झाली आणि ते दोष लहान नव्हते.

ह्या सर्व कारणांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट होती, ती विचारात घेण्यासाठी हा लेख लिहिला आहे. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर एक चौकोन छापलेला असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो. तांबडा त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याला धोका कळावा एवढ्यासाठीच ही रंगांची खूण योजिली आहे. परंतु खुणेचा अर्थही कोणीतरी एकदा सांगावा लागतो. प्रस्तुत लेखकाने खेड्यांतील बैठकांतून हा प्रश्न पुष्कळदा विचारला आहे. सातवी-आठवी शिकलेल्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या शेतकऱ्यांनीही ‘ती कंपनीची निशाणी असेल’ असे उत्तर दिलेले आठवते. मजुरी करणाऱ्या बायाबापड्यांपर्यंत तर ती बाटली जातच नाही. त्यांच्या हाती येतो तो आधीच कालवलेल्या पाण्याचा पंप.

फवारणी करणारा माणूस बहुधा चाळीस-पन्नास वर्षांचा असतो. त्याची शाळा सुटून तीस वर्षे लोटलेली असतात. ह्या तीस वर्षांत बियाणे बदलले, खते बदलली, किडी बदलल्या, पाणी देण्याची रीत बदलली. सात-बाराचा उतारा संगणकावर गेला, पीक विम्याचे अर्ज आले, माती परीक्षणाची पत्रिका आली. पूर्वी बापाने मुलाला शिकविलेली शेती मुलाला जन्मभर पुरत असे. आता ती दहा वर्षेही पुरत नाही. प्रौढ माणसाने शिकत राहणे ही हौसेची बाब राहिलेली नाही, आणि काही वेळा तर ती जिवाची बाब होते. असे असता त्याला शिकविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे गावात कोणालाच सांगता येत नाही.

शाळा मुलांची आहे. कृषी खात्याच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात. कृषि विज्ञान केंद्र जिल्ह्याला एक, फार तर दोन. कृषी विद्यापीठ त्याहून दूर. ही सर्व मंडळी गावात येतात आणि सायंकाळच्या आत परत जातात. गावात कायम राहणारी, गावाच्या मतांनी निवडलेली आणि कायद्याने अधिकार मिळालेली संस्था एकच आहे, ती म्हणजे ग्रामपंचायत. पंचायतीने स्वतः शिकवावे असे कोणी म्हणणार नाही. सरपंचाला कीटकशास्त्र येत नाही व यावयास पाहिजे असेही नाही. मात्र ज्यांना येते त्यांना गावात आणून बसविणे, त्यांना जागा, वेळ व श्रोते मिळवून देणे आणि ते निघून गेल्यावरही शिकण्याचा क्रम चालू ठेवणे, हे काम पंचायतीशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. आपल्या राज्याचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव पाहिला तर हेच दिसून येते.

प्रथम साताऱ्याचे उदाहरण घेऊ. सन १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. सुमारे चार महिन्यांत गावातील प्रौढांना लिहिण्यावाचण्यापुरते अक्षरज्ञान द्यावयाचे आणि तेही गाव हा घटक धरून, अशी तिची योजना होती. शिक्षकांनी व शिकलेल्या तरुणांनी मोबदल्याविना वर्ग चालविले. कंदिलाच्या उजेडात देवळाच्या ओवरीत म्हाताऱ्याकोताऱ्यांनी पाटी धरली. सर्व गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. साताऱ्यातच हे काम प्रथम का उभे राहिले, याचे एक कारण कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्या मातीत आधीच केलेली मशागत हे असावे असे वाटते. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तेव्हापासून शाळेसाठी घरोघरच्या बायांनी दळणातून मूठभर धान्य बाजूला काढावयाचे, म्हणजेच मुष्टिफंड द्यावयाचा, ही रीत तेथे रुळली होती. शिक्षण हे आपण चालवावयाचे काम आहे, ही भावना त्या जिल्ह्याला नवी नव्हती.

मोहिमेची कीर्ती देशाबाहेरही गेली. तथापि पुढे जे मागोवे घेतले गेले त्यांत एक दोष वारंवार नोंदविला गेला. अक्षर शिकलेली पुष्कळ माणसे पुन्हा निरक्षर झाली. यात नवल काही नाही. चार महिने शिकलेले अक्षर चार वर्षे डोळ्यांसमोर आले नाही तर ते पुसले जाणारच. न वाहिलेले शेत पडीक होते तसेच हे आहे. गावात वाचावयास काही नव्हते, बसावयास जागा नव्हती, आणि समारंभ झाल्यावर मोहिमेचे लोक पुढच्या गावाला गेले. शिकविणाऱ्यांच्या त्यागात काडीचीही उणीव नव्हती. उणीव होती ती मोहीम गेल्यानंतर दिवा कोण लावणार ह्या प्रश्नाच्या उत्तराची. त्या काळी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वातही आल्या नव्हत्या. त्या १ मे १९६२ रोजी आल्या. आजच्या पंचायतीला ती सबब नाही.

ह्याच सुमाराचा दुसरा प्रयोग शेतकऱ्यांच्या अधिक जवळचा आहे आणि दुर्दैवाने तो आता विस्मरणात गेला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने ‘रेडिओ ग्रामीण मंडळां’चा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक जणांचे एक मंडळ, त्याचा एक अध्यक्ष व एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी मंडळाने रेडिओभोवती जमावयाचे, शेतीविषयक कार्यक्रम ऐकावयाचा, मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करावयाची, आपल्या गावात यातले काय करता येईल ते ठरवावयाचे आणि उरलेल्या शंका लिहून पुण्यास पाठवावयाच्या. शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून ही कल्पना घेतली होती.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ह्या प्रयोगाची तपासणी केली. मंडळ असलेली गावे, रेडिओ असून मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत फार मोठी भर पडल्याचे आढळून आले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी भर पडली नाही. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यावर शेतीचे शेकडो कार्यक्रम येतात. त्यांतील खरे कोणते, विक्रेत्याने पेरलेले कोणते, हे एकट्याने ऐकणाऱ्याला कळत नाही. वीस जण एकत्र बसले म्हणजे त्यांतला एक तरी म्हणतो, ‘अरे, हे मी गेल्या साली करून पाहिले, माझ्या रानात नाही जमले.’ हे एक वाक्य पुष्कळदा तासाभराच्या भाषणापेक्षा उपयोगी पडते.

मंडळांनी नुसती चर्चाच केली असे नाही. कोठे विहीर खणण्याचे ठरले, कोठे जातिवंत वळू व लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, कोठे बालवाडी निघाली. आणि येथे एक नाजूक गोष्ट घडली, तिच्याकडे पंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. तपासणी करणाऱ्या विद्वानांना असे दिसून आले की काही गावांत ही मंडळे निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही लवकर निर्णय घेऊ लागली होती. साहजिकच काही पंचांना ते आपल्या अधिकारावरील आक्रमण वाटले असेल. परंतु शिकणाऱ्या माणसांचे मंडळ निर्णय घेऊ लागले तर ते पंचायतीचे बळच समजावयास हवे. ज्या गावात आठवड्याला वीस माणसे पाण्याविषयी, बियाण्याविषयी नीट माहिती घेऊन बोलतात, त्या गावाची ग्रामसभा पोकळ राहत नाही. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली खरी. परंतु ती पंचायतीच्या दैनंदिन कामाशी जोडली न गेल्यामुळे रेडिओ बिघडला, निमंत्रक बदलून गेला, की मंडळही बंद पडे.

मोहीम टिकली नाही, मंडळ टिकले नाही. मग टिकले काय? यासाठी आणखी मागे, बडोद्यास जावे लागेल. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर आले व त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु सक्तीने शिकलेला मुलगा मोठा झाल्यावर काय वाचणार, हा प्रश्न त्यांना पडला व १९१० पासून त्यांनी गावोगाव वाचनालये उघडण्याची योजना हाती घेतली. त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलाविले. ह्या योजनेतील आजही घेण्यासारखी गोष्ट म्हणजे खर्चाची वाटणी. गावकऱ्यांनी वर्गणी करून ठराविक रक्कम जमविली म्हणजे तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावयाची व तेवढीच सरकारने. म्हणजे एक तृतीयांश लोकांचा, एक तृतीयांश स्थानिक संस्थेचा व एक तृतीयांश सरकारचा वाटा. गावाने आपला वाटा काढल्याखेरीज पुढचे दोन वाटे मिळत नसत. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरविल्या जात. महाराजांकडे पैशाची वाण होती म्हणून त्यांनी गावाकडून वर्गणी मागितली असे नव्हे. ज्या कामात आपला पैसा अडकला आहे त्याची चौकशी गाव करते, एवढे त्यांना माहीत होते.

कोल्हापूर संस्थानानेही १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. आपल्या राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यानुसार लोकांनी चालविलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने शासनाचे अनुदान मिळते, आणि हजारो वाचनालये त्यावर चालतात. मात्र तमिळनाडू किंवा केरळ राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी उपकर वसूल होतो, तसा आपल्याकडे होत नाही. त्यामुळे आपल्या गावातील वाचनालय हे एका मंडळाचे, अनुदान मुंबईहून आलेले आणि पंचायतीचा त्याच्याशी संबंध असलाच तर जागेपुरता, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आढळते. बडोद्याच्या तीन वाट्यांतील मधला वाटाच येथे गळलेला आहे.

कायद्याची आडकाठी मात्र कोठेच नाही. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. त्यातील २९ विषयांत शेती व कृषिविस्तार हा पहिलाच विषय आहे. शिवाय व्यवसायशिक्षण, प्रौढ व अनौपचारिक शिक्षण आणि ग्रंथालये हेही विषय आहेत. आपला ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यातील ग्रामसूचीतही प्रौढ साक्षरता व वाचनालये आहेत. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी १० टक्के व मागासवर्गीयांसाठी १५ टक्के रक्कम खर्चावयाची असते. ही रक्कम वर्षअखेरीस घाईने भांडी वा खुर्च्या घेण्यात संपवावी लागते, हा अनेक ग्रामसेवकांचा अनुभव असेल. त्यातूनच महिलांसाठी वा मागासवर्गीय वस्तीसाठी शिकण्याचा वर्ग चालविता येतो, याची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवी इमारत बांधण्यापासून सुरुवात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इमारतीच्या पायाभरणीतच दोन वर्षे जातात व उद्घाटनानंतर उत्साह संपतो. गावात एक इमारत आधीच असते, ती शाळेची. सायंकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती रिकामी असते. शाळा व्यवस्थापन समिती व पंचायत यांनी एकत्र बसून तिची एक खोली आठवड्यातील दोन सायंकाळी प्रौढांसाठी देण्याचा ठराव करावा. विजेचे बिल कोणी भरावयाचे, झाडलोट कोणी करावयाची, फळा व खुर्च्या मोडल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हे त्याच ठरावात लिहावे. ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या तीन गोष्टींवरून मुख्याध्यापक व सरपंच यांच्यात जेवढे वाद होतात तेवढे मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत.

चौथी गोष्ट किल्लीची. प्रस्तुत लेखकाने एका गावात चांगल्या पुस्तकांनी भरलेले वाचनकक्ष पाहिले होते. कपाटे नवी, पंखा नवा, भिंतीवर थोरांच्या तसबिरी; आणि दाराला कुलूप. किल्ली एका पुढाऱ्याच्या घरी असे. निवडणुकीत गावात दोन तट पडले तेव्हा एका तटाच्या लोकांनी त्या घराची पायरी चढणे सोडले आणि वाचणेही सोडले. दुसऱ्या तटाला मुळात वाचनाची आवड नव्हती. वर्षभरानंतर आम्ही ते दार उघडविले तेव्हा पुस्तकांना वाळवी लागलेली होती. तेव्हापासून कोठल्याही गावी गेलो की पुस्तके किती हे न विचारता किल्ली कोणाजवळ आहे हे प्रथम विचारतो. ती कोणत्याही तटाच्या घरी असू नये. बचत गटातील एखादी बाई, अंगणवाडीची मदतनीस किंवा निवृत्त शिक्षक यांच्याकडे ती द्यावी व त्या व्यक्तीला पंचायतीने अल्प का होईना मानधन द्यावे. फुकटचे काम दोन महिने होते. साताऱ्याच्या काळातील त्यागाची अपेक्षा आपण जन्मभर धरू शकत नाही.

शिकवावयाचे काय हे वरून ठरवू नये. ज्या महिन्यात जे संकट उभे राहते तोच त्या महिन्याचा पाठ. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी गोणपाटाच्या तुकड्यात पाहणे आणि बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर वाचणे. आषाढ-श्रावणात फवारणी. त्या दिवशी रिकाम्या बाटल्या मध्ये ठेवून प्रत्येकाने त्रिकोणाचा रंग ओळखावा, मात्रा मोठ्याने वाचावी. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजाऱ्याने त्याच बाटलीवरची अक्षरे दाखवावीत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, उपाशीपोटी फवारू नये, फवारतेवेळी तंबाखू खाऊ नये, विषबाधेची लक्षणे दिसताच बाटली किंवा तिच्यावरील पत्रक बरोबर घेऊन दवाखाना गाठावा, ह्या गोष्टी मजुरांनाही सांगितल्या पाहिजेत. म्हणून त्या सायंकाळी मालकाबरोबर मजूरही बोलावणे अगत्याचे आहे. दिवाळीनंतर माती परीक्षणाच्या पत्रिका घेऊन बसावे. ती पत्रिका पुष्कळांच्या घरी खुंटीला अडकविलेली असते व खताचा हप्ता मात्र दुकानदाराच्या सल्ल्याने पडतो. उन्हाळ्यात हिशेब, पीक कर्ज, विमा व सात-बारा. अक्षरज्ञान निराळे शिकविण्याची गरज फारशी पडत नाही. ज्याला आपल्या सात-बारावरचे नाव स्वतः वाचावयाचे आहे तो अक्षर लवकर शिकतो.

शिकविणारे गावाभोवतीच आहेत, फक्त त्यांना एकत्र बोलाविणारा कोणी नाही. कृषी खात्याच्या शेतीशाळा चालूच आहेत. ही पद्धती १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या निमित्ताने निघाली. एकाच शेतात हंगामभर ठराविक दिवशी जमून पीक, कीड व मित्रकीटक स्वतःच्या डोळ्यांनी मोजावयाचे, हे तिचे सूत्र. शेतावर सकाळी पाहिलेले सायंकाळच्या खोलीत फळ्यावर मांडले तर जे शेतावर येऊ शकले नाहीत त्यांनाही त्याचा लाभ होईल. २०२२ ते २०२७ ह्या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील असाक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवावयाचे असून अक्षरओळखीबरोबर व्यवहारज्ञान व पुढील शिक्षण यांचाही त्यात समावेश आहे. हे स्वयंसेवक व शेतीशाळेचे लोक एकाच गावात राहून एकमेकांना ओळखत नाहीत, असे आम्ही पाहिले आहे. विकास सोसायटीचा सचिव, दूध संस्थेचा तपासनीस, पशुवैद्य, आरोग्यसेविका, जवळच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, या सर्वांना पंचायतीचे एक पत्र गेले तर त्यांतले निम्मे तरी येतील. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांतून सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्रामकृषी संजीवनी समित्या ग्रामसभेने नेमल्या; अशी समिती जेथे झाली आहे तेथे नवी समिती काढण्याचा खटाटोप करू नये, तिच्यावरच हे काम सोपवावे.

स्त्रियांचा प्रश्न निराळा आहे व तो वेळेचा आहे. सायंकाळची वेळ पुरुषांच्या सोयीची. बाई त्या वेळी चुलीपाशी असते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या, काही तर ऐंशी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून तेथे येऊ लागल्या. जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षकाची कल्पना, एका धर्मादाय न्यासाचे साह्य व गावातील सुनांचे सहकार्य यांतून ती उभी राहिली. तिची छायाचित्रे जगभर छापली गेली. लोक गुलाबी लुगड्यांचे कौतुक करतात. आम्हांस कौतुक वाटते ते तिच्या वेळेचे. दुपारी दोन ते चार, म्हणजे भाकरी-धुणे आटोपलेले आणि संध्याकाळची धांदल अद्याप सुरू न झालेली, अशी ती वेळ कोणीतरी विचारपूर्वक निवडली. पंचायतीने बायकांचा वर्ग काढण्यापूर्वी महिला ग्रामसभेत एवढेच विचारावे की तुम्हांस कोणती वेळ सोयीची. उत्तर बहुधा पुरुषांनी गृहीत धरलेल्या वेळेहून निराळे येते. शेतीची निम्म्याहून अधिक कामे ज्यांच्या हातून होतात, त्यांनाच शेतीच्या वर्गात बोलावण्याचे राहून जाते, हा दोष आमच्या विस्तार कार्यातही पूर्वीपासून आहे व तो कबूल केला पाहिजे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो की पंचायत आली म्हणजे राजकारण आले. आक्षेप खोटा नाही. वर सांगितलेली किल्लीची हकीकत तीच आहे. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी पंचायतीला मुद्दाम दूर ठेवून एखाद्या संस्थेमार्फत काम केले जाते व ते काही वर्षे उत्तम चालते. संस्थेचा निधी संपतो तेव्हा मात्र पुन्हा साताऱ्याचाच अनुभव येतो. पंचायतीला दूर ठेवण्यापेक्षा तिला ग्रामसभेपुढे बांधून घेणे अधिक बरे. वर्गाची एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, विषय, कोण बोलले, बाया किती, पुरुष किती, कोणती शंका अनुत्तरित राहिली, एवढेच लिहावे. प्रत्येक ग्रामसभेत ती वही वाचून दाखवावी. अनुत्तरित शंकांचे पान सर्वांत महत्त्वाचे. ते कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवावे व उत्तर आले की त्याच पानावर चिकटवावे. पुण्याच्या रेडिओ मंडळांनी पत्रांतून हेच केले होते.

पैशाच्या बाबतीत बडोद्याचा हिशेब गावाच्या मापाने करता येईल. पंचायतीने वीज, मानधन व वर्तमानपत्रे यांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात धरावा. गावाने वर्गणी द्यावी, ती रोख नसली तरी चालेल. सुगीच्या वेळी खळ्यावरून पायली-अर्धा पायली धान्य काढण्याची चाल अजून पुष्कळ गावांत देवाच्या कार्यासाठी चालू आहेच. शासनाचा वाटा पुस्तके, शेतीशाळा व प्रशिक्षक यांच्या रूपाने येतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ह्या कामाची नोंद एकदा झाली की पुढच्या सरपंचालाही ते सहज टाकता येत नाही.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय ठेवावा, अशी ग्रामसेवक बंधुभगिनींना सूचना आहे. त्या दिवशी ठराव झाला तर मृगापूर्वी पाच-सहा आठवडे हाती राहतात. पहिल्या बैठकीस बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या व गेल्या सालच्या औषधांच्या बाटल्या प्रत्येकाने घरून आणावयास सांगावे. बाटल्यांची टोपणे घट्ट लावलेली असावीत, त्या कापडात न गुंडाळता जुन्या बादलीत आणाव्यात व बैठक संपल्यावर मोजून परत घ्याव्यात. बाटल्या हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. तेवढे पाणी व साबण शाळेच्या पायरीशी आधीच ठेवलेले असावे.